गफूरभाईंच्या टोपल्या

गफूरभाईंना किलो कळत नव्हता असं नाही. वायरमन होते, अँपिअर-व्होल्ट तोंडपाठ होते. पण कुठलीही जड वस्तू छतावर चढवायची म्हटलं की ते जवळ येऊन विचारायचे, "साहेब, टोपल्यांत किती?" पाण्याची टाकी असो, एसीचं बाहेरचं धूड असो, नाहीतर संस्थेच्या नावाचा नवा बोर्ड असो. आमच्या लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सत्तावीस वर्षं त्यांनी हा प्रश्न विचारला आणि सत्तावीस वर्षं मी त्यावर हसलो. मी तिथला बांधकाम विभागाचा इंजिनिअर, उमाशंकर, मूळचा उदगीरचा. हसण्याचा मला पगार नव्हता, पण तेवढं एक काम मी अगदी मन लावून केलं.

ते पंच्याण्णव साली लागले तेव्हा एकतीस वर्षांचे असतील. अंगानं काटक, खिशात टेस्टर, तोंडात शब्द कमी. त्यांच्याकडे जनरेटर दिला. तेव्हा लातुरात वीज कधी जाईल याचा नेम नसायचा, आणि दवाखान्याला तर क्षणभर अंधार चालत नाही. त्या यंत्राशेजारी वर्षानुवर्षं बसून त्यांचे कान गेले. हाक मारून उपयोग नसे, खांद्याला हात लावावा लागे; समोर येऊन मोठ्यानं बोललं तरच कळायचं. राहायचेही तिथंच, तीन बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका बाजेवर. संस्थेनं त्यांना क्वार्टर दिलं तर आठवड्यानं चावी परत घेऊन आले.

"काय झालं? आवडलं नाही?"

"क्वार्टर ब्येस हाय साहेब. पर स्लॅब हाय त्याला."

कुठल्याही खोलीत शिरताना ते आधी वर बघायचे. छत न्याहाळून झालं की मग पाऊल आत. जेवायचे लिंबाखाली. पोरांनी त्यांचं नाव 'आभाळ गफूर' ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. ते भूकंपाच्या गावचे आहेत एवढं आम्हालाही ठाऊक होतं. पण त्या काळात लातुरात भूकंपाची माणसं पावलोपावली होती. कुणी विचित्र वागला की 'भूकंपवाला आहे' म्हणायचं आणि पुढं चालायचं. त्याच्या घरात कोण होतं, कोण उरलं, हे विचारायचं धाडस नव्हतं म्हणा, किंवा सवड नव्हती म्हणा. मला तरी दोन्ही नव्हतं.

पुढं शहर क्लासेसनी भरलं. नांदेड, परभणी, बीडपासून पोरंपोरी डॉक्टर व्हायला लातुरात यायला लागली. ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा उरली नाही. ज्याच्या घराला गच्ची होती त्यानं गच्चीवर खोल्या काढल्या, आणि खोल्यांवर पत्रे टाकून आणखी खोल्या काढल्या. भूकंपानंतर पाच-सहा वर्षं हेच शहर अंगणात झोपत होतं, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मीही त्याच गर्दीत. दोन मजल्यांचा पाया धरून घर बांधलं होतं, २०११ साली त्यावर तिसरा चढवला. इंजिनिअर मीच, त्यामुळे नको म्हणणारा कुणी नव्हता. चौदा मुलींची सोय झाली. शिवगंगानं, म्हणजे माझ्या बायकोनं, खानावळ सुरू केली.

त्या मजल्याचं वायरिंग करायला गफूरभाई आले होते. जिन्यातच थांबले.

"साहेब, पाया किती मजल्यांचा हाय?"

"तुम्ही वायरिंग बघा," मी म्हटलं.

त्यांनी चार दिवस वायरिंग केलं. नेटकं केलं. चारही दिवस जेवायला मात्र गल्लीत जाऊन बसले. शिवगंगाला वाटलं, आपल्या हातचं खायला ते संकोचतात. मी तिला खरं कारण सांगितलं नाही.

आता आमच्या नवजात वॉर्डाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथंच घडलं. जुन्या इमारतीचा वरचा मजला. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं तिथं काचेच्या पेट्यांत आणि ऊब देणाऱ्या वॉर्मरवर ठेवलेली असत. अंबिका सिस्टर तिथल्या प्रमुख. बाई कडक, पण बाळाला हात लावताना बोटं आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, गार तर नाहीत ना म्हणून. त्या वॉर्डाचं छत गळायचं. पहिल्यांदा गळलं अठ्ठ्याण्णव साली. मी वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकून दिला. मग २००४ ला पुन्हा, २००९ ला पुन्हा, २०१५ ला पुन्हा. दरवेळी फाईलवर मी एकच वाक्य लिहिलं: 'जुना थर तसाच ठेवून त्यावर नवीन थर टाकणे.' जुना काढायचा म्हणजे धूळ, ठोकाठोक, वॉर्ड हलवायचा, डॉक्टरांची बोलणी खायची. नवा टाकायला आठ दिवस पुरत. पुढं आतून फॉल्स सीलिंग बसवलं, मग तर छत दिसायचंच बंद झालं.

२०२२ च्या सुरुवातीला संस्थेनं ठरवलं, सगळ्या गच्च्यांवर सौर पॅनेल बसवायचे. डिझेल कमी जाळायचं, कार्बन कमी सोडायचा. फाटकात मोठा आकडेफलक लावायचा, आजवर किती टन कार्बन वाचला ते दाखवणारा. कामाला नांदेडचा अजहर आला. चाळिशीचा, शांत, कामात चोख माणूस.

या बातमीनं सगळ्यात खूश कोण झालं असेल तर गफूरभाई. जनरेटरचं धुराडं नवजात वॉर्डाच्या खिडक्यांच्या रोखानं होतं. सिस्टर खिडक्या बंद ठेवायच्या, तरी चौकटीवर काजळी बसायची. गफूरभाई रोज सकाळी शिडी लावून ती पुसायचे. ते काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"लेकरांच्या नाकात धूर जाऊन राहिलाय साहेब. हे यंत्र बंद झालं तर लई पुण्याचं काम व्हईल," ते म्हणाले. ज्या यंत्रावर त्यांची नोकरी होती त्याच्याबद्दल बोलत होते.

सहाशे पॅनेल, पाच गच्च्या. त्यात उन्हाला सगळ्यात चांगली गच्ची नवजात वॉर्डाची, आजूबाजूला ना झाड ना टाकी. हे कळलं आणि गफूरभाईंचा चेहरा उतरला. ते अजहरकडे गेले.

"एका पॅनेलचं वजन किती?"

"अठ्ठावीस किलो, चाचा. कुछ भी नहीं है."

गफूरभाई मनात हिशेब करत राहिले. "म्हंजी एक टोपली. अन् खालचे सिमिटाचे ठोकळे?"

"तेही धरलेत. छताला जाणवणारसुद्धा नाही," मी मध्ये पडलो. "एका पॅनेलला एक टोपली, फार तर दोन. झालं समाधान?"

"शेवटची टोपली बी एकच असती, साहेब."

गच्चीच्या दाराची चावी त्यांच्याकडे असायची, टाक्या बघायला. दुसऱ्या दिवशी अजहरची माणसं सामान घेऊन आली तर दाराला कुलूप. गफूरभाई पायरीवर बसलेले. चावी मागितली तर खिसा धरून बसले. बाकीच्या चार गच्च्या घ्या म्हणाले, ही न्हाई. "आधी हिच्यावरलं उतरवा, मंग काय चढवायचं ते चढवा."

माझं डोकं फिरलं. एक वायरमन मला छत शिकवतो, तेही बाहेरच्या माणसांसमोर! मी त्याच दुपारी लेखी नोटीस काढली. चोवीस तासांत चावी द्या, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला मी असं लिहिलं. लिहिताना मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तो कागद घडी करून घेऊन आले. मला गच्चीच्या जिन्यात घेऊन गेले, पायरीवर बसले. मलाही बसावं लागलं.

"आमचं गाव औशाच्या म्होरं, किल्लारीपासनं चार कोसांवर. माळवदाचं घर. तुमाला म्हाईत असंल."

मला माहीत होतं. उदगीरला आमचंही तसंच होतं. दगडामातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढरीची माती. पावसाळ्याच्या तोंडावर गळती दिसली की त्या मातीवर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढत नसे. आज्यानं टाकलेली, बापानं टाकलेली, सगळी तिथंच. छत पिढीगणिक जाड होत जायचं, आणि लोक अभिमानानं सांगायचे की आमचं माळवद उन्हाळ्यात गार असतं.

"त्या साली गणपतीत पाऊस लागला व्हता. आमची शबाना सात महिन्यांची. पाणी नेमकं पाळण्यावर ठिबकायचं. फरीदा म्हनली, पाळणा जरा सरकवते त्या कोपऱ्यात. म्या म्हनलं, कामून सरकवतीस? माती टाकतो की वर. आयतवार व्हता. ती खाली टोपली भरायची, माझ्या डोक्यावर द्यायला हात लावायची. म्या चढायचो. बेचाळीस टोपल्या टाकल्या. शेवटच्या येळेला ती म्हनली, आता बास झालं की. म्या म्हनलं, एकच."

त्यांनी नोटिशीच्या कागदाला आणखी एक घडी घातली.

"मंग औशाला गेलो. तिथल्या मंडळाची लायटिंग माझ्याकडं व्हती. विसर्जन झालं, माळा काढायला म्हणून थांबलो. पहाटं जमीन हलली. तसाच निघालो, चालत, पळत. गाव कुठं हाय तेच कळंना. आमचं घर लिंबावरनं वळखलं. हातानं उकरलं साहेब. वरची माती ओली व्हती. बाकी समदी वाळकी, वरची तेवढी ओली. माझीच. वळखली म्या."

"गफूरभाई, सगळं गाव पडलं होतं. तुमच्या बेचाळीस टोपल्या नसत्या तरी..."

"हाव. समदे असंच म्हनत्यात."

खाली कुठंतरी बाळ रडत होतं. त्यांना ते ऐकू येणं शक्य नव्हतं.

"त्या दिसापासनं मला माती झरल्याली ऐकू येती. फळ्यांच्या फटीतनं कशी झरायची, तशी. कंच्या बी छताखाली बसलो की येती. म्हणून म्या पत्र्यात ऱ्हातो. कुठं कमी येती, कुठं जास्त. या वार्डात लई येती साहेब."

मला त्यांची दया आली. दया आली म्हणजे मी मनातून त्यांना वेड्यात काढलं. "गफूरभाई, तुम्हाला फोनची रिंग ऐकू येत नाही. बारीक माती झरलेली कशी ऐकू येईल?"

"ती कानानं न्हाई ऐकू येत," ते म्हणाले.

मी उठलो. म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू. गच्चीत एका ठिकाणी भोक पाडून दाखवतो. चार बोटांचा कोबा आहे, खाली ठणठणीत स्लॅब. दिसलं की चावी द्यायची. अजहरलाही ते हवंच होतं. त्याचा हिशेब माझ्या नकाशावर होता, आणि नकाशात मी एकच थर दाखवला होता. खोटं बोलायचं म्हणून नाही दाखवला. माझ्या डोक्यात तो एकच होता, गळतीवरचा कोबा. चार वेळा टाकला तरी एकच.

गफूरभाईंनी कुलूप काढलं. अजहरच्या माणसानं फोडायचं मशीन लावलं. पहिला थर निघाला. हा २०१५ चा, पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांवरून मी ओळखला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. मशीनवाला थांबून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, चालू दे. चौथा थर निघाला तेव्हा मी गुडघ्यावर बसून भोकात हात घातला. कोपरापर्यंत आत गेला आणि मग बोटांना स्लॅब लागला. चारही थरांवर माझी सही होती.

गफूरभाईंनी एक तुकडा उचलला, चुरगळून बघितला आणि खाली ठेवला.

आम्ही खाली वॉर्डात गेलो. अंबिका सिस्टरना म्हटलं, फॉल्स सीलिंगची एक फरशी काढून बघायची आहे. त्या म्हणाल्या, "चार नंबरच्या वॉर्मरवरची बघा सर. तिथं रोज बारीक धूळ पडते. मी धुराची काजळी समजून पुसत होते. आता वॉर्मरच जरा बाजूला सरकवलाय." गफूरभाईंना सिस्टरचे शब्द ऐकू आले नाहीत, पण सरकवलेला वॉर्मर त्यांनी बघितला आणि भिंतीला हात टेकला.

आम्ही फरशी काढली. वर साठलेली बारीक वाळू धार लागल्यासारखी खाली आली. बराच वेळ येत राहिली. टॉर्च मारला. स्लॅब मधोमध खाली झुकला होता, गिलावा सुटला होता, गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यामधून अजून वाळू झरत होती. आवाज येत होता. अगदी बारीक. मी पस्तीस वर्षं इंजिनिअरकी केली, तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

अकरा बाळं होती. दोन तासांत सगळी दुसऱ्या इमारतीत हलवली. पेट्या, नळ्या, ऑक्सिजन, सिस्टर, आया, सगळा लवाजमा. गफूरभाई दारात उभे राहून प्रत्येक पेटी बाहेर पडताना बघत होते. अकरावी गेल्यावर त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

बाहेरून तज्ज्ञ आले. त्यांनी खालून लोखंडी टेकू दिले आणि सांगितलं, वरचं सगळं उतरवा, स्लॅब दुरुस्त करा, मगच पॅनेलचा विचार करा. पॅनेलचं वजन ऐकून ते हसले. उतरवायचं होतं त्याच्या तुलनेत ते काहीच नव्हतं. माझ्यावर कारवाई व्हायला हवी होती. संस्थेनं मला सहा महिन्यांत निवृत्त होतोय म्हणून सोडून दिलं. गफूरभाईंना नोटीस देताना मी त्यांचे उरलेले आठ महिने धरले नव्हते, हे तेव्हा आठवलं आणि लाज वाटली. नोटीस मी परत घेतली होती, पण लिहिलेलं ते लिहिलेलंच राहिलं.

मलबा उतरवायला कंत्राटदारानं नळकांडं लावलं होतं. वरून टाकलं की थेट ट्रकमध्ये. गफूरभाई पहिल्या दिवशी स्वतःची टोपली घेऊन आले. वेताची, जुनी. कंत्राटदार म्हणाला, "चाचा, ह्या वयात कशाला?" त्यांना ऐकू आलं नाही, किंवा ऐकायचं नव्हतं. ते टोपली भरून डोक्यावर घेऊन जिन्यानं उतरायचे, ट्रकमध्ये रिकामी करायचे, परत चढायचे. मी खाली उभा राहून मोजत होतो. तीन दिवस लागले. बेचाळिसावी टोपली घेऊन ते खाली आले आणि ट्रकपाशी उभेच राहिले. डोक्यावर टोपली तशीच.

मी पुढं होऊन ती उतरवायला हात लावला. खांद्याला स्पर्श करून म्हटलं, "झाल्या, गफूरभाई. बेचाळीस झाल्या. उतरल्या सगळ्या."

त्यांनी टोपली झटकली, उपडी घातली आणि तिच्यावर बसले. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता.

"मला वाटलं व्हतं, तेवढ्या उतरवल्या की थांबंल," ते म्हणाले. "न्हाई थांबलं, साहेब."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. मी घेतलं नाही. आमच्या पिढीच्या पुरुषांना ते जमत नाही, म्हणून नुसता शेजारी बसून राहिलो.

पावसाळा संपता संपता छत दुरुस्त झालं, बाळं परत आली आणि वर पॅनेल बसले. जनरेटर अडीअडचणीपुरता उरला. वॉर्डाच्या खिडक्या उघडल्या. अंबिका सिस्टरनी पहिल्या दिवशी चौकटीवरून पांढरा कापूस फिरवला आणि तो कापूस मला आणून दाखवला. स्वच्छ होता. फाटकातला आकडेफलक सुरू झाला. त्यावरचे टन दर दिवशी वाढायचे. गफूरभाई त्याच्यासमोर उभे राहिलेले मी एकदा बघितले.

"साहेब, या कार्बनला वजन असतं?"

"असतं की. म्हणून तर टनात मोजतात."

"हे वाचलेलं हाय. मंग न वाचलेलं, आजपातुर जाळलेलं, ते कुठं जातं?"

"वर. हवेत."

"खाली येत न्हाई?"

"लवकर नाही येत. शेकडो वर्षं वरच राहतं."

ते वर बघत राहिले. ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं, आभाळात काही नव्हतं. "म्हंजी जुना थर तसाच ठेवून," ते सावकाश म्हणाले. ते माझं फाईलवरचं वाक्य होतं, एव्हाना सगळ्या संस्थेला पाठ झालेलं. "आपण नुसती आपली नवी टोपली थांबवली. व्हय ना?"

त्या संध्याकाळी मी घरी आलो. गाडी लावताना नजर वर गेली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर चौदा पोरींचे कपडे वाळत होते.

त्या दिवसापासून मला घरात झोप लागेना. दुपारी पंखा बंद करून मी कान देऊन बसायचो. शिवगंगा विचारायची, काय ऐकताय? मी म्हणायचो, काही नाही. घर काँक्रीटचं आहे, त्यात माती नाही, फटी नाहीत. मी स्वतः भिंती तपासल्या, खांब तपासले, एक तडा सापडला नाही. तरी जिन्याखाली उभं राहिलं की वरून बारीक काहीतरी झरल्यासारखं वाटायचं. पोरी वरच्या खोल्यांत मोठमोठ्यानं पाठांतर करत असायच्या, त्या आवाजाच्या खालून ते येत राहायचं.

डिसेंबरात गफूरभाई निवृत्त झाले. मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. ते आले, दारात उभे राहिले, वर बघितलं आणि ओट्यावरच बसले. या वेळी शिवगंगानं काही विचारलं नाही, ताट बाहेर आणून दिलं. जेवण झाल्यावर मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "गफूरभाई, खरं सांगा. माझ्या घरात येतो का तो आवाज?"

त्यांनी हात पुसले.

"तुमाला येतो का साहेब?"

शिवगंगा ताट उचलायला वाकली होती, तशीच थांबली.

"येतो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. टोपी घातली आणि गेले.

मे महिन्यात मुलींची परीक्षा झाली. त्या आपापल्या गावी गेल्या. नव्या मुली घ्यायच्या नाहीत असं मी सांगितलं तेव्हा शिवगंगा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "इतकी वर्षं त्या पोरी आपल्या डोक्यावर झोपत होत्या, की आपण त्यांना मरणाच्या तोंडी झोपवत होतो? तुम्हाला ठाऊक होतं ना?" मला ठाऊक होतं. पाया मीच काढला होता. चौदा मुली दरसाल, बारा वर्षं. काही झालं नाही, हे नशीब. त्यात माझी हुशारी कुठंच नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मजूर लावले. तिसरा मजला उतरवायला घेतला. गल्लीतले लोक बघायला जमले. भरल्या घराचा मजला पाडतोय म्हणजे माणसाचं डोकं फिरलं असणार, असं त्यांना वाटलं असावं. मी मजुराला बाजूला केलं आणि पहिली टोपली स्वतः भरून डोक्यावर घेतली. एकसष्ट वर्षांचा माणूस, मान लटपटत होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आलो तर समोर गफूरभाई उभे. मी निरोप धाडला नव्हता. त्यांना कुणी सांगितलं, कोण जाणे. त्यांनी दोन्ही हात वर करून माझ्या डोक्यावरची टोपली धरली, अलगद खाली घेतली आणि रिकामी करून परत दिली.

असं किती वेळा झालं ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. धापा टाकत मी विचारलं, "किती झाल्या, गफूरभाई?"

"मोजू नका, साहेब," ते म्हणाले. "म्या मोजल्या व्हत्या. आजून मोजून राहिलोय."

मी रिकामी टोपली घेतली आणि पुन्हा जिना चढायला लागलो.